झालं समजा

“मालक कोण आहे या सॉफ्टवेअरचा?” मगदूम साहेबांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“कुणीच नाही?”

“म्हणजे पुष्कळ आहेत. देशोदेशीचे लोक थोडं थोडं लिहितात, सुधारतात आणि कुणालाही वापरायला देतात. आतलं सगळं उघडं असतं. आपल्याला हवं ते बदलता येतं. ओपन सोर्स म्हणतात त्याला.”

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. त्यांच्या आवारात प्रत्येक वस्तूला मालक होता. पाण्याच्या माठावरसुद्धा ‘मगदूम इंजिनिअरिंग’ असं रंगवलेलं होतं.

“आणि बिघडलं तर शिव्या कुणाला द्यायच्या?”

“मला.”

“मग चालेल,” साहेब म्हणाले. सांगलीजवळच्या आमच्या कुपवाडच्या शेडमध्ये ओपन सोर्सचा प्रवेश असा झाला.

हे दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरमधलं. आम्ही साखर कारखान्यांसाठी गव्हाणी बनवायचो. गव्हाण म्हणजे ऊस गिरणीकडे नेणारा लोखंडी फळ्यांचा फिरता रस्ता. त्याच्या टोकाला ऊस कातरणारे सुरे असतात. मी तिथे प्लॅनिंग इंजिनिअर होतो. म्हणजे काम इतरांनी करायचं, ते झालं का हे मी विचारायचं, आणि झालं असं साहेबांना सांगायचं. त्यासाठी चार वर्षं आमच्याकडे एक परदेशी सॉफ्टवेअर होतं. त्यात प्रत्येक कामासमोर तीनच खाने: करायचंय, चाललंय, झालं. झालं म्हटलं की ती ओळ हिरवी व्हायची. सोमवारी सकाळी साहेब यादी वाचत नसत, नुसता रंग बघत. पुरेसा हिरवा दिसला की सगळ्यांना चहा सांगत.

मग एक दिवस त्या परदेशी कंपनीचं पत्र आलं. लहान ग्राहकांची योजना आम्ही जड अंतःकरणानं बंद करत आहोत, एकतीस ऑक्टोबरच्या आत आपापली माहिती उतरवून घ्यावी, पुढच्या प्रवासाला मनापासून शुभेच्छा. इतक्या प्रेमानं मला त्याआधी कुणी घराबाहेर काढलं नव्हतं.

आमचा प्रवास तेव्हा नेमका अवघड वळणावर होता. नदीपलीकडच्या एका साखर कारखान्याची नवी गव्हाण आम्ही उभी करत होतो आणि चौदा नोव्हेंबरला तिथे मोळीपूजन होतं. उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडते, फोटो निघतात आणि हंगाम सुरू होतो. निमंत्रणपत्रिका छापून आल्या होत्या. त्यांवर अठ्ठेचाळीस नावं होती, आणि अठ्ठेचाळीस नावं छापलेला दिवस पुढे ढकलता येत नाही.

त्या गव्हाणीच्या यादीत चारशे बारा कामं होती. दोनशे सत्तेचाळीस नंबरचं काम दोरीचं. गव्हाणीच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, माणसाच्या कमरेच्या उंचीवर एक लाल दोरी असते. कुठूनही ओढली की गव्हाण थांबते. दोन हंगामांपूर्वी आमच्याच एका गव्हाणीवर ही दोरी लावायची राहून गेली होती. आमच्या गेटवर बसणारे सदाशिव माने तेव्हापासून डाव्या हातानं सलाम करतात. त्यांना उजवा हात नाही. त्या दिवसापासून साहेबांचा एकच नियम होता: दोरीशिवाय मोळी नाही.

दोनशे सत्तेचाळीस माझ्या यादीत हिरवं होतं.

पर्याय शोधायला मला आठवडा लागला. ओपनप्रोजेक्ट नावाचं सॉफ्टवेअर बघितलं, त्यातले तक्ते इतके देखणे होते की आमच्या संगणकाला ते झेपेनात. टायगा बघितलं; त्यात कामाची कार्डं इकडून तिकडे सरकवायची असतात, आणि आमच्या लोकांना पत्त्यांची सवय असली तरी ती जेवणाच्या सुट्टीपुरती. शेवटी रेडमाइन घेतलं. दिसायला ते सरकारी अर्जासारखं होतं, त्यामुळे सगळ्यांना लगेच ओळखीचं वाटलं. ते बसवायला एक जुना संगणक हवा होता. तो स्टोअरमध्ये सापडला, पण स्टोअरमधून हलला नाही, कारण स्टोअर कोळेकर बाईंचं होतं.

“इथंच बसून काय ते करा,” त्या म्हणाल्या. “बाहेर न्यायचा तर चिठ्ठी लागेल, आणि परत कधी देणार ते लिहावं लागेल.”

विजयमाला कोळेकर वीस वर्षं स्टोअर सांभाळत होत्या. त्यांच्याकडून एक वॉशर नेलेला माणूस तो वॉशर बसवल्याचं सांगायला परत यायचा. न आल्यास त्या जायच्या.

जुन्या सॉफ्टवेअरमधली चारशे बारा कामं मी उतरवून घेतली आणि नव्यात चढवायला बसलो. तेव्हा नव्यानं मला एक प्रश्न विचारला, जो जुन्यानं कधीच विचारला नव्हता: तुमच्याकडे कामाच्या कोणकोणत्या अवस्था असतात? नावं तुम्हीच ठेवा. मी जुनी तीन नावं टाकली आणि एकदा खात्री करावी म्हणून फोरमनला बोलावलं.

रसूलभाई मुल्लाणी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून आले. एक बोट पडद्यावर टेकवून त्यांनी वरपासून खालपर्यंत यादी वाचली. घाई केली नाही.

“ह्यातलं बरंच झालेलं न्हाई,” ते शांतपणे म्हणाले.

“अहो, तुम्हीच सांगितलंत झालं म्हणून!”

“मी ‘झालं समजा’ म्हणलं हुतं. समजा तुम्ही खाल्लासा.”

मी वाद घालणार होतो, पण आठवायला लागलो. आमच्या शेडमध्ये नुसतं ‘झालं’ मी कधी ऐकलंच नव्हतं. बोल्ट बसलेत पण आवळायचेत, झालं समजा. वेल्डर गावाहून यायचाय पण निघालाय, झालं समजा. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. सांगणारा प्रामाणिकपणे सांगत होता की एवढं राहिलंय आणि ते होईल. माझ्याकडे त्याला खाना नव्हता. म्हणून चार वर्षं मी ते हिरव्यात टाकत आलो होतो.

“मग दोनशे सत्तेचाळीस?” मी विचारलं. “दोरी?”

“दोरी बांधलीया की. लाल रंग बी मारलाय.”

“आणि तिला मोटरशी जोडणारी केबल?”

“केबल आली की जोडायची. म्हणून तर झालं समजा.”

रॅकच्या मागून कोळेकर बाईंचा आवाज आला. “केबल येऊन वीस दिवस झाले. चाळीस मीटर. तिसऱ्या कपाटावर आहे. मागायला कुणी आलेलं नाही.”

“मला कुणी सांगितलंच न्हाई,” रसूलभाई म्हणाले.

“मला कुणी विचारलंच नाही,” बाई म्हणाल्या.

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. विचारणं हे माझं काम होतं.

म्हणजे नदीपलीकडे एक लालभडक, ताणून बांधलेली, सुंदर दोरी होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. मी तिला तीन सोमवार हिरवी दाखवली होती आणि आम्ही सगळ्यांनी तिच्या नावानं तीन वेळा चहा घेतला होता.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, कारण थोडं सांगण्याची सवय किती धोक्याची आहे ते मी नुकतंच बघितलं होतं. साहेब ओरडले नाहीत. खिडकीतून गेट दिसायचं, तिकडे बघत राहिले.

“उपाध्ये, शिव्या तुम्हाला द्यायच्या असं ठरलं होतं ना?”

“हो साहेब.”

“नंतर देतो. आधी केबल जोडा.”

मी स्टोअरमध्ये परत आलो तेव्हा रसूलभाई अजून त्या पडद्यासमोर बसले होते.

“ह्यात आणि एक खाना घालता येतोय का? चाललंय आणि झालं, ह्यांच्या मधी?”

“येतो. जुन्यात येत नव्हता. यात हवे तेवढे येतात.”

“मग घाला.”

“नाव काय देऊ?”

“आता नाव काय शोधायचं त्याला? झालं समजा.”

मी लिहिलं. त्याला पिवळा रंग दिला. कोळेकर बाई हातातली वही मिटून आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

“आणि तिथून ‘झालं’मध्ये कोण नेणार? ज्यानं काम केलं तोच?”

“तोच. नाहीतर मी.”

“मग माझ्या स्टोअरला कुलूप तरी कशाला लावायचं? ज्याला पाहिजे त्यानं न्यावं आणि नेलं म्हणून सांगावं.”

शेवटचं ‘झालं’ एकाच माणसाच्या हातात ठेवायचं आणि तो माणूस काम करणाराही नको, विचारणाराही नको, असं ठरलं. तसा माणूस आमच्याकडे एकच होता आणि तो आमच्या मागे वही घेऊन उभा होता.

ते यंत्रात कसं बसवायचं हे मला कळेना. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे मी इंग्रजीत प्रश्न टाकला. आमच्याकडे चालू आणि पूर्ण यांच्यामध्ये एक अवस्था असते, तिचा अर्थ साधारण ‘झालं असं धरून चाला’ असा आहे, तिथून पुढे फक्त एकाच व्यक्तीला नेता यावं, काय करू? तासाभरात उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. कुठल्या पडद्यावर जायचं, कुठल्या चौकोनातली खूण काढायची, कुठली ठेवायची, हे त्यानं तीन ओळींत लिहिलं होतं. खाली चौथी ओळ होती: “ही अवस्था आमच्याकडेही आहे. आम्ही फक्त तिला नाव द्यायचं धाडस केलेलं नाही.”

हा माणूस माझा कुणी लागत नव्हता. त्याला माझ्याकडून काही मिळायचं नव्हतं. जुन्या कंपनीनं मला शुभेच्छा दिल्या होत्या. यानं चौकोन सांगितले.

पुढच्या सोमवारी साहेबांनी यादी उघडली. चारशे बारांपैकी एकशे अडतीस कामं पिवळी होती.

“हे पिवळं काय?”

“झालं समजा.”

“गेल्या सोमवारी हिरवं होतं.”

“गेल्या सोमवारी मी समजलो होतो.”

त्या दिवशी चहा आला नाही. पण त्या आठवड्यात साहेबांनी पहिल्यांदा यादी वाचली. एकेक ओळ वाचून माणसं पाठवली, आणि पिवळं कमी होत गेलं. रोज दुपारी कोळेकर बाई फोन करून विचारायच्या: बोल्ट आवळले? कुणी? पाना परत आला का? पाना परत आला की त्यांचा विश्वास बसायचा आणि एक ओळ हिरवी व्हायची.

आठ नोव्हेंबरला दोरीची केबल जोडून झाली. मीटर लावून तपासली. रसूलभाईंनी साइटवरून फोन केला. बाईंनी विचारलं, “चालत्या गव्हाणीवर ओढून बघितली?”

“कारखान्यावाले गव्हाण फिरवू देईनात.”

“मग पिवळंच राहू दे.”

मी दुसऱ्या दिवशी स्वतः कारखान्याच्या चेअरमनसाहेबांकडे गेलो. पाच मिनिटं मोकळी गव्हाण फिरवू द्या, एवढंच मागितलं.

“उपाध्ये साहेब, आमच्यात मोळी पडल्याशिवाय नवी गव्हाण फिरत नाही. संस्थापकांपासूनची पद्धत हाय. नैवेद्याआधी कोण जेवतं का?”

“पण दोरी चालते का हे बघायला...”

“मीटरनं बघितली न्हवं?”

“बघितली.”

“मग झालं समजा की!”

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा कोळेकर बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “ठीक आहे. समजा तर समजा. पण ज्यानं समजा म्हटलं त्यानं त्या दिवशी दोरीपाशी उभं राहायचं. तिची चाचणी होईपर्यंत हलायचं नाही.”

“चेअरमननी म्हटलंय,” मी म्हणालो.

“मी ऱ्हातो उभा,” रसूलभाई म्हणाले. “चेअरमनला सत्कार असत्यात.”

चौदा तारखेला ऊन चांगलं होतं. मांडव, बँड, सनई, फटाके, आणि अठ्ठेचाळीसपैकी एकतीस नावं प्रत्यक्ष हजर. एकतीसही जण बोलले. आमच्याकडून मगदूम साहेब, मी आणि कोळेकर बाई आलो होतो. बाई उरलेलं साहित्य मोजून परत न्यायला आल्या होत्या. भाषणं संपल्यावर माइकवरून पुकारा झाला: “ज्यांच्या अथक परिश्रमातून ही गव्हाण उभी राहिली ते फोरमन रसूलभाई मुल्लाणी यांनी सत्कार स्वीकारण्यासाठी यावं.”

रसूलभाई गव्हाणीच्या कडेला, दोरीपाशी उभे होते. त्यांनी लांबूनच हात हलवला. पुन्हा पुकारा झाला, पुन्हा हात हलला. तिसऱ्यांदा सगळा मांडव मान वळवून बघायला लागला तेव्हा ते तिथूनच ओरडले, “माझं काम राहिलंय!”

लोकांना हे फार आवडलं. टाळ्या पडल्या.

“उपाध्ये, तुम्ही घ्या शाल,” साहेब हळूच म्हणाले. “त्यांच्या वतीनं.”

दुसऱ्यांच्या कामाचं श्रेय मी चार वर्षं दर सोमवारी घेत होतो, त्यामुळे जड गेलं नाही. शाल मोठी होती, दोन्ही टोकं गुडघ्याखाली. एका संचालकांनी पुढे होऊन तिची माझ्या गळ्याशी गाठ मारली. मागच्या वर्षी फोटोत सत्कारमूर्तीची शाल घसरलेली आली होती म्हणे. मग चेअरमननी मोळी टाकली, बटण दाबलं गेलं, गव्हाण फिरायला लागली. टाळ्या, फटाके, बँड. कुणीतरी म्हणालं, शालवाल्यांनीपण एक मोळी टाकावी. माझ्या हातात ऊस आला. मी वाकलो. फोटोग्राफर म्हणाला, “साहेब, इकडं बघा!”

मी इकडं बघितलं.

गळ्याला ओढ बसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी शाल नीट करतंय. मग गुडघे गव्हाणीच्या काठावर आपटले. शालीचं एक टोक दोन फळ्यांच्या मधल्या साखळीत गेलं होतं, आणि वर माझ्या गळ्याशी संचालकांच्या हातची पक्की गाठ. मी ओरडलो असेन. बँड जोरात होता. गव्हाण सावकाश चालते, बैलगाडीच्या वेगानं, त्यामुळे विचार करायला वेळ मिळतो. माझ्या मनात बायको आली नाही, देव आला नाही. एक ओळ आली. दोनशे सत्तेचाळीस. पिवळी.

आणि गव्हाण थांबली.

मी मान वळवू शकत नव्हतो, पण डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं: रसूलभाई दोन्ही हातांनी दोरीला लोंबकळले होते. मांडवातल्या कुणाला काही कळायच्या आधी त्यांनी ती ओढली होती. बाकी सगळे समारंभ बघत होते. ते एकटे गव्हाण बघत होते.

ते धावत आले, कमरेचा चाकू काढला आणि गाठीखालून शाल कापली. “श्वास घ्या. बोलू नगा.”

मी काठाला पाठ लावून जमिनीवर बसलो. बँड अजून वाजत होता. मला आवाज फुटला तेव्हा मी एकच शब्द बोललो म्हणतात.

“झालं?”

“झालं,” रसूलभाई म्हणाले. “समजा न्हाई. झालं.”

मग साहेब आले. ऑक्टोबरपासून राहिलेल्या शिव्या त्यांनी मला तिथे, चेअरमनच्या देखत, एकही न वगळता दिल्या. देताना माझा हात त्यांनी दोन्ही हातांत इतका घट्ट धरला होता की दोन दिवस बोटं दुखत होती. सोडल्यावर ते रसूलभाईंकडे वळले आणि त्यांचेही हात तसेच धरले.

मला आता ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली. अर्धी शाल माझ्याकडे आहे. रसूलभाईंना द्यायला गेलो होतो, सत्कार त्यांचाच होता. “ठेवा तुम्ही,” म्हणाले. “मला पुरी द्या कुणीतरी, मग घीन.” साहेबांनी त्यांना पुरी शाल दिली, शेडमध्ये, सगळ्यांसमोर, आणि गाठ न मारता. सदाशिव मान्यांनी ती त्यांच्या खांद्यावर घातली, डाव्या हातानं.

त्या कट्ट्यावरच्या माणसाला मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं होतं. शाल, मोळी, संचालक, हे इंग्रजीत समजावून सांगता येईना. शेवटी एवढंच लिहिलं: तुमच्या तीन ओळींचा उपयोग झाला, फार आभारी आहे. त्यानं लिहिलं, त्यात काय एवढं. त्याच्या दृष्टीनं खरंच त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच त्याचे उपकार माझ्याकडून अजून फिटत नाहीत.

तो संगणक अजून स्टोअरमध्येच आहे. जुन्या लोकांच्या मेहरबानीनं मला आत डोकावायची परवानगी आहे. दर वर्षी चौदा नोव्हेंबरला मी दोनशे सत्तेचाळीस उघडतो. ओळ हिरवी आहे. खाली कोळेकर बाईंनी त्याच दुपारी साइटवरून लिहिलेला शेरा आहे:

“दोरी चालत्या गव्हाणीवर ओढून बघितली. तीन फळ्यांत थांबली. झालं. चाचणीसाठी दिलेलं साहित्य: शाल एक, उपाध्ये एक. परत आलेलं: शाल अर्धी, उपाध्ये पूर्ण.”